घोट गिळायचा नाही

किल्लारी
२८ ऑक्टोबर २०२४

प्रिय दादा,
सप्रेम जय भीम.

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू कपाळाला आठ्या घालशील, हे मला इथे बसून दिसतंय. फाडू नकोस. फोन केला की 'हॅलो' म्हटल्याबरोबर तू कापतोस, मग मी तरी काय करू? सहा वर्षांत पाच वेळा केला. पाचही वेळा माझं 'हॅलो' तेवढं ऐकून घेतलंस, त्याबद्दल आभार.

घरचं सगळं ठीक. अण्णांना चौऱ्याहत्तरावं लागलंय. गुडघे धरतात, आवाज तसाच. आनंदराजवाचून आपलं काही अडत नाही, असं आई रोज एकदा तरी तुझं नाव घेऊन म्हणून दाखवते, यावरून काय समजायचं ते समज.

आता कामाचं. यंदाची शिराज द्राक्षाची वाईन वेगळी निघालीय. खालच्या काळ्या रानातली नेहमीसारखीच आहे, गडद, जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळते तशी. पण वरच्या मुरमाडातली, जिला तू 'आधी गप्प बसते अन् मंग बोलती' म्हणायचास, ती यंदा फेब्रुवारीत पिळल्यापासून तिसऱ्या टाकीत आहे. तीन हजार लिटर. हैदराबादच्या एका हॉटेलवाल्याला सगळीच्या सगळी हवी आहे, आपल्या नावाच्या लेबलसकट. इतकी मोठी मागणी आपल्याला आजवर आलेली नाही. बाटल्या नऊ डिसेंबरला भरायच्या आहेत. त्यांना सहा तारीख हवी होती. सहा डिसेंबरला आमच्याकडे काही भरत नाहीत, असं मी ठणकावून सांगितलं.

भरण्याआधी तू एकदा चाखून बघावंस, असं मला वाटतं. बाकी काही नाही. मला जरा सर्दी आहे, आणि एकापेक्षा दोन जिभा बऱ्या.

नियम तुला माहीत आहे. अण्णांनी कृषी खात्यातून निवृत्त होऊन वायनरी काढली, तेव्हा विहारात लोक काय काय बोलले ते तू विसरला नसशील. पंचशील घेणाऱ्यांनी हा धंदा करायचा? अण्णा म्हणाले, आपण पिणार न्हाई, म्हणजे आपलं पाचवं शील मोडणार न्हाई. चाखायचं, तस्तात थुंकायचं, मिठाच्या पाण्यानं चूळ भरायची. घोट गिळायचा नाही. अजून तसंच चालतं. म्हणजे तुला भ्यायचं काही कारण नाही. चाखशील, थुंकशील, आईच्या हातचं जेवशील, संध्याकाळच्या गाडीने भोकरला परत.

कळव.

तुझी,
लुंबिनी

ता. क. कागदावर डाग पडलाय. ग्लास लवंडला. सगळं परत लिहून काढायचा कंटाळा आला.


किल्लारी
८ नोव्हेंबर २०२४

दादा,

'पत्र मिळालं. मला जमणार नाही. पुन्हा लिहू नको.' वाहवा. एवढे शब्द लिहून दमला असशील. पाणी पी.

मी काय मागितलं होतं? जमिनीत हिस्सा? लग्नाचा आहेर? भोकरच्या रोपवाटिकेत आंब्याची कलमं बांधणारा माणूस एक दिवस सुट्टी काढू शकत नाही? तू चार वर्षं प्यायलेला नाहीस, हे मला ठाऊक आहे. ऑक्टोबर वीसपासून. आई महिने मोजते, म्हणून मलाही पाठ आहेत. मी तुला प्यायला बोलावलं नव्हतं.

वरच्या चार ओळी लिहून मी उठून गेले होते. आता अर्ध्या तासाने परत बसलेय. रागात खोटं फार वेळ टिकत नाही, माझं तरी नाही.

मला सर्दी नाही दादा. मला वासच येत नाही.

ऑगस्टमध्ये ताप आला. चार दिवसांत उतरला. पाचव्या दिवशी मी स्वयंपाकघरात गॅसजवळ उभी होते आणि आई अंगणातून ओरडली, "अगं फोडणी जळून राहिली, तोंड काय बघतीस!" कढईतून धूर निघत होता. मला काहीच आलं नव्हतं. लातूरच्या डॉक्टरांनी नाकात नळी घालून बघितलं. म्हणाले, वर्षभरात येईल, नाहीतर येणारही नाही. वाईन करणाऱ्या बाईला हे किती सहज सांगतात.

जिभेला आंबट कळतं, तुरट कळतं, जडपणा कळतो. पण वाईनला मिऱ्यांचा वास आहे का, धण्यांचा आहे का, भिजलेल्या गोणीचा वास लागलाय का, यातलं काही कळत नाही. आणि वार्निशसारखा वास, वाईन बिघडल्याची खूण. तिसऱ्या टाकीत वार्निश आहे की नाही, हे मी सांगू शकत नाही. जिभेवर घेतल्यावर कडेला काहीतरी टोचल्यासारखं होतं. ते खरं आहे की माझ्या मनातलं आहे, कोण जाणे.

तू म्हणशील, नाशिकला तपासायला पाठव. पाठवलं. आकडे हद्दीत आहेत, पण हद्दीच्या काठावर. खाली लिहून आलंय, वासाचा निर्णय आपण आपला घ्यावा. दुसऱ्या वायनरीवाल्याला विचारावं, तर किल्लारीच्या बाईचं नाक गेलं ही बातमी हैदराबादला माझ्याआधी पोचेल.

घरात कुणाला सांगितलेलं नाही. अण्णांनाही नाही. दर रविवारी आम्ही दोघं तस्ताच्या दोन बाजूंना बसतो. मी ग्लास नाकाशी धरते, डोळे मिटते आणि पापण्यांच्या फटीतून अण्णांचं तोंड बघते. त्यांनी मान हलवली की मी म्हणते, मिरे आलेत. ते खुश होतात. तीन महिने असं चाललंय. नाटकात जायला हवं होतं मी.

नऊ तारखेला ती वाईन माझ्या शब्दावर बाटलीत जाणार आहे. बिघडलेली निघाली, तर आपलं लेबल पुन्हा कुणी हातात घेणार नाही. आपल्या घरात वार्निश ओळखणारं नाक एकच उरलंय, आणि ते भोकरला कलमं बांधतंय.

ये ना रे.

लुंबी


किल्लारी
१९ नोव्हेंबर २०२४

प्रिय दादा,

तुझं पत्र आलं. दोन पानी! मी ते तीनदा वाचलं. तू येतोयस. शनिवारी, तीस तारखेला. मला इतकं हलकं वाटलं की मलप्पाला आज टाक्या धुण्यातून सुट्टी देऊन टाकली. तो बिचारा घाबरला, कामावरून काढलं की काय म्हणून.

सगळं मी नीट लावून ठेवते. शनिवारी अण्णा आईला घेऊन लातूरला डोळ्याच्या डॉक्टरांकडे जाणार आहेत, दिवसभर येणार नाहीत. तू साडेदहाच्या गाडीने उतर. मलप्पा मोटारसायकल घेऊन स्टँडवर असेल. टाकीघरात मी ग्लास, तस्त आणि मिठाचं पाणी ठेवते. पाच मिनिटांचं काम आहे. तू हो म्हण नाहीतर नाही म्हण, कारण विचारणार नाही.

पहिल्या पत्रावरचा डाग तू हुंगलास, हे वाचलं. मग दोन दिवस कामावर गेला नाहीस, आणि शेजारच्या मनिषाताईंना खोलीला बाहेरून कुलूप लावायला सांगितलंस. वाचून वाईट वाटलं. पण आता बरा आहेस ना? तू स्वतःच लिहिलंयस, 'आता ठीक हाय.' आणि तो कागद होता, बंद पाकिटात कोंडलेला वास होता. इथे मोकळी हवा आहे, मी समोर असेन.

तू विचारलंस, 'त्या साली तुला खरंच वास आला नव्हता का?' काय हे दादा. सहा वर्षांपूर्वीचं काय उकरून काढतोस? कुणाला काय आलं होतं आणि काय नव्हतं, आता कोणाच्या लक्षात असतं? तू प्यालेला होतास, अण्णा तापलेले होते. जाऊ दे.

शनिवारी भेटू. जेवायला काय करू ते कळव. शेंगदाण्याची आमटी अजून आवडते का?

तुझी,
लुंबी


किल्लारी
२६ नोव्हेंबर २०२४, सकाळ

दादा,

येऊ नकोस.

हे पत्र मलप्पा हातोहात आणतोय. पोस्टावर माझा भरवसा नाही. दादाचं वाचून होईपर्यंत बसून राहा, असं त्याला बजावलंय. आधी वरचा शब्द परत वाच. येऊ नकोस. मग पुढचं वाचायचं तर वाच.

काल आईने तुझं पत्र वाचलं. माझ्या कपाटात साडीखाली होतं. तिचं वाचन तुला माहीत आहे, एकेका अक्षरावर बोट ठेवून. कुलपाच्या ओळीवर तिचं बोट थांबलं असणार. दुपारी ती टाकीघराच्या दारात येऊन उभी राहिली. पंधरा वर्षांत आईने त्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलेलं नाही. कालही टाकलं नाही. बाहेरूनच म्हणाली,

"लुंबे, तिकडं लेकरू सोताला कोंडून घेऊन राहिलंय, अन् तू हितं ग्लास पुसून ठेवून राहिलीस?"

मी म्हटलं, आई, तो फक्त चाखणार आहे. थुंकणार आहे.

"पहिल्यांदा बी तो चाखतच होता," आई म्हणाली. "थुंकून टाक म्हणलं की माणूस थुंकतंय व्हय? तुमच्या अण्णाला जमलं, तुला जमलं. त्याला न्हाई जमलं. त्यात त्याचा काय गुन्हा? ज्याला जमत न्हाई त्याच्या तोंडाला कशाला लावायचं?"

एवढं बोलून ती गेली. ती ओरडली असती तर मी भांडले असते. भांडायला काही ठेवलंच नाही तिने.

आता तुला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. त्या समोर सांगायची माझी हिंमत नाही.

पहिली. त्या पत्रावरचा डाग चुकून पडला नव्हता. ग्लास लवंडला नव्हता. मी तिसऱ्या टाकीतला थेंब बोटाने घेऊन कागदावर टेकवला. एकदा नाही, तीनदा, चांगला मुरेपर्यंत. तुझं मन वास आल्याशिवाय वळणार नाही, हे मला माहीत होतं. आपल्या भावाला मी गळाला लावलं. मग तू कुलपाचं लिहिलंस, तेव्हाही माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की बरं झालं, लागू पडलं. हे लिहिताना माझी मलाच किळस येतेय, पण खरं तेच आहे.

दुसरी. अठरा सालचा तो रविवार. तू प्यालेला होतास, बरोबर. तरी तू ग्लास खाली ठेवून म्हणालास, "अण्णा, हिला वार्निश मारून राहिलंय. भरू नका." अण्णा म्हणाले, "तू गिळून आलायस. तुझी जीभ झोपलीय." मग ते माझ्याकडे वळले. "लुंबे, तुला येतोय वास?"

मला येत होता. नाकाशी नेताच आला होता, झणझणून. आणि मी म्हटलं, नाही अण्णा, मला नाही येत.

का म्हटलं? टाकीघराची किल्ली तुझ्याकडे जाणार होती. तू पीत होतास तरी तुझ्याकडेच जाणार होती, कारण तू मुलगा, आणि तुझं नाक माझ्यापेक्षा चांगलं. मी तीन वर्षं त्या किल्लीसाठी टाक्या घासल्या होत्या. तू एकदा खोटा पडलास की ती मला मिळणार होती, आणि मिळाली. तू त्याच संध्याकाळी घर सोडलंस. मी तुला थांबवायला दारापर्यंतही आले नाही.

आणखी एक तुला कुणी कळवलं नसेल. त्या साली भरलेल्या बाटल्या उन्हाळ्यात परत आल्या. अण्णा म्हणाले, ट्रकमध्ये तापल्या. मीही म्हटलं, ट्रकमध्ये तापल्या.

आता कळलं ना, नाक कुणाचं जायला हवं होतं? गेलं.

मलप्पाला चहा तेवढा पाज. निरोप काही पाठवू नकोस.

लुंबिनी


किल्लारी
३ डिसेंबर २०२४

दादा,

मलप्पा परत आला. विचारलं तर म्हणाला, "वाचलं. दोनदा वाचलं. मंग मला जेवू घातलं अन् गाडीत बसवून दिलं." तरीही शनिवारी मी साडेदहाची गाडी येऊन जाईपर्यंत स्टँडवर उभी होते. आलास तर परत पाठवायला. तू आला नाहीस. मला सुटल्यासारखं झालं आणि रडूही आलं.

रविवारी अण्णांसोबत बसले. नेहमीसारखं त्यांनी ग्लास भरले. मी ग्लास उचललाच नाही.

"अण्णा, मला वास येत नाही. ऑगस्टपासून."

अण्णांनी हातातला ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, "मंग गेल्या रविवारी 'मिरे आलेत' कोण म्हणलं?"

"तुम्ही मान हलवलीत, म्हणून मी म्हणाले."

"मी तुझ्या भुवया वर गेलेल्या बघितल्या, म्हणून मान हलवली," अण्णा म्हणाले.

मला आधी हसूच फुटलं, दादा. काय करू! वायनरीचा मालक आणि वायनरीची वाईन करणारी, एकमेकांच्या तोंडाकडे बघून वाईन करत होते. अण्णाही हसले. मग हसता हसता त्यांचा चेहरा उतरला. ते सांगायला लागले. शुगरच्या गोळ्या चालू झाल्यापासून तोंडाला चव नाही. वासही उडाला. मी विचारलं, कधीपासून? म्हणाले, सतरापासून.

सतरा. म्हणजे अठरा सालच्या त्या रविवारी अण्णांना काहीच कळत नव्हतं.

मग मला सांगावंच लागलं. त्या दिवशी मला वास आला होता, आणि मी नाही म्हटलं, किल्लीसाठी. अण्णा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. चष्मा काढून हातात धरून बसले.

"मला न्हाई आला व्हता," ते म्हणाले. "तुझ्या तोंडाकडं बघूनच मी त्याला खोटं पाडलं. खरं तो एकटाच बोलून राहिला व्हता, अन् दारुड्या म्हणून त्यालाच हाकललं आपण."

आपण, म्हणाले. एकट्या मला नाही म्हणाले. ते मला जास्त लागलं.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "बोलव त्याला. मी माफी मागतो. अन् ही टाकी तेवढी बघून जाऊ दे. एक घोट. थुंकंल की तो."

बघ, मुरलेला माणूस कसा असतो. दोन्ही एकाच दमात. मी तुला आधी लिहिलं होतं तेच शब्द त्यांच्या तोंडून ऐकले. मी त्यांना कुलपाचं सांगितलं. डागाचंही सांगितलं. म्हटलं, अण्णा, वाईन त्याच्या तोंडाला लावायची नाही, मग टाकी राहो की जावो. मी इतक्या ठाम आवाजात अण्णांशी कधी बोलले नव्हते. ते उठले, टाकीवर हात ठेवून उभे राहिले, मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे मंग."

काल हैदराबादला कळवलं, यंदा देता येणार नाही. कारण विचारलं तर खरं सांगितलं, चाखणारं कुणी नाही. ते काय म्हणाले ते लिहीत नाही. एक्साइजच्या साहेबांकडे अर्ज दिलाय, तिसऱ्या टाकीचा सिरका, म्हणजे व्हिनेगर करायचा म्हणून. परवानगी आली की पाणी घालून झाकण उघडं टाकायचं. कदाचित आपल्या वायनरीत झालेली ती सगळ्यात चांगली वाईन असेल. कदाचित वार्निश असेल. अण्णांना आणि मला ते कधीच कळणार नाही, आणि कुणाला विचारायचंही नाही असं ठरलंय. पुढच्या हंगामात कोण चाखणार, हे अजून माहीत नाही. माझं नाक आलं तर आलं. नाहीतर द्राक्षं खायला विकू.

तुला माफ कर म्हणत नाही. ते तुझं तू बघ.

आता मुद्द्याचं. तू इथे यायचं नाहीस. टाक्या आहेत तोवर या रानाच्या हवेतच तो वास आहे. आम्हाला येत नाही, तुला येईल. म्हणून आम्ही तिघंच भोकरला येणार आहोत, पंधरा तारखेला, रविवारी. अंगावरचे कपडेसुद्धा टाकीघरात न नेलेले घालायचे, अशी आईची ताकीद आहे. तिने नवे दोन जोड लातूरहून आणलेत.

तू दार उघडशील का, हे मी अण्णांना विचारलं, जसं काही त्यांना माहीत असणार. ते म्हणाले, "न्हाई उघडलं तर न्हाई. बाहेर बसू की, गाडीच्या टायमापर्यंत."

लुंबिनी